ड्रायव्हरचं वजन धरत नाहीत

मामा चहाची गाळणी तोलत होता आणि मामी बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होती.

"अहो, दहा वाजले!"

"ओली आहे!" मामा आतून ओरडला. "ओली गाळणी पाच ग्रॅम जास्त भरते. जरा वाळू दे!"

मामीनं हॉर्नवर कोपर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. रांगेतल्या ट्रकवाल्यांना वाटलं, आत कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. मामानं गाळणी शर्टाच्या टोकानं पुसली, फुंकर मारली, छोट्या तराजूत ठेवली आणि वहीत लिहिलं: नंबर चारशे बारा, गाळणी, एकतीस ग्रॅम. मग वही मिटली आणि हसला. लग्नाच्या फोटोतसुद्धा मामा एवढा हसलेला नाही. मी बघितलाय तो फोटो.

माझा मामा वजनकाटेवाला. आयुष्यभर एकच काम केलं त्यानं, पण असं केलं की कुणाची बोट दाखवायची टाप नव्हती. हमरस्ता शहरातून सुटतो तिथे एक फाटक, फाटकाच्या आत जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पत्रा, तोच काटा. ट्रक त्यावर उभा राहायचा, खिडकीवर लाल आकडे उमटायचे, मामा पावती द्यायचा. काटाघराच्या मागे दोन खोल्या, त्यात मामा-मामीचा संसार. ट्रक काट्यावर चढला की मामीच्या मांडणीवरची भांडी वाजायची. भरलेला ट्रक असला की पातेली घुमायची, रिकामा असला की नुसत्या वाट्या किणकिणायच्या. मामी स्वयंपाक करता करता सांगायची, "रिकामाच आहे मेला, उगाच एवढा माज करतोय."

मामाला वजनाचं वेड. वेड नाही म्हणणार मी, बाकीचे म्हणतात. हातात काही दिलं की तोंडातून आकडा बाहेर. कुणाचं तान्हं बाळ मांडीवर दिलं की सगळे म्हणतात, नाक आईवर गेलंय. मामा म्हणायचा, "तीन किलो दोनशे. दुपट्यासकट." त्याच्या दृष्टीनं ते कौतुकच होतं. बाळाची आई रुसायची, पण दवाखान्यात नेऊन बघितलं की तीन दोनशेच भरायचं.

आणि मामाचं एक वाक्य होतं. दिवसातून शंभर वेळा भोंग्यातून तेच: "ड्रायव्हर, खाली उतर!" कारण सरळ आहे. विकायची असते खडी, विकायचं असतं सिमेंट. ड्रायव्हर कुणी विकत नाही. तो गाडीत बसून राहिला तर सत्तर किलो माणूस सिमेंटच्या भावानं जातो. म्हणून आधी ड्रायव्हर खाली, मग पावती. एकतीस वर्षांत मामाच्या हातून एकच पावती चुकली. ती पण पहिल्याच वर्षी. खडीची एक गाडी आली होती, ड्रायव्हर उतरला, पण त्याची मुलगी केबिनमध्ये बसून राहिली. मामा भोंग्यातून ओरडला, "ए, तू पण खाली उतर!" ती म्हणाली, "नाही उतरत जा." पन्नास किलो जास्त लागले. पुढच्या वर्षी मामानं त्याच मुलीशी लग्न केलं. तो म्हणतो, चूक घरात आणून ठेवली की पुन्हा होत नाही.

तर ही मामी. सगळ्या जगाच्या गाड्या हिच्या दारातून गेल्या आणि ही कुठेच गेली नाही. मामाला सुट्टी नव्हती, काट्याला तर त्याहून नव्हती. पण ट्रकवाले जेवायला बसले की मामी त्यांच्या गाड्या काट्यावर चढवायची आणि उतरवायची. असं करत ती गाडी शिकली, छोट्या गाडीचं लायसन्स काढलं. दहा चाकी ट्रक सुईत दोरा ओवल्यासारखा पत्र्यावर घ्यायची. फक्त पन्नास पावलं पुढे आणि पन्नास पावलं मागे. पहिला गिअर, दुसरा गिअर, रिव्हर्स. तिसरा गिअर टाकायला रस्ताच मिळाला नव्हता तिला आयुष्यात.

मामा निवृत्त झाला तेव्हा ती म्हणाली, "आता मला चाकावरचं घर पाहिजे."

मामानं लिलावात एक जुनी गाडी घेतली. दातांच्या डॉक्टरचा फिरता दवाखाना होता तो. बाहेरून तीन वेळा रंग दिला, तरी दारावरचा भला मोठा दाढेचा फोटो आतून वर यायचाच. आतमध्ये मोरी केली, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, झोपायला फळ्या ठोकल्या. एकच वस्तू जागची हलवली नाही. दातांच्या डॉक्टरची खुर्ची. मागे डाव्या बाजूला बोल्टानं ठोकलेली, लोखंडाची, खालच्या पट्टीवर लिहिलेलं: दीडशे किलो. मामा एकतीस वर्षं एका लाकडी स्टुलावर बसला होता, पाठ टेकायला काही नाही. ह्या खुर्चीत पहिल्यांदा बसला, तिनं त्याला हळूच मागे झोपवलं, आणि मामा म्हणाला, "ही राहणार."

आता पेच असा. त्या गाडीला घराचा परवाना हवा तर परवाना कचेरीत काट्याची पावती दाखवायची, भरलेल्या गाडीचं वजन साडेतीन हजार किलोच्या आत. मामीचं लायसन्सपण तेवढंच. कचेरीची खिडकी चारला बंद, पुढचे तीन दिवस सुट्टी. आणि दोन खोल्या आजच सोडायच्या होत्या. नवा काटेवाला सकाळीच रुजू झाला होता आणि त्याची बायको कडेवर पोरगी घेऊन दारात गादीच्या वळकटीवर बसली होती, तोंडानं काही न बोलता. न बोलता बसलेली बाई बोलणाऱ्या दहा बायांवर भारी.

मामीनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "मी तुम्हाला ओळखते. उद्याचं राहिलं तर तुम्ही वर्षभर चमचे मोजत बसाल. उद्या गाडी फाटकाबाहेर गेली नाही, तर मी माझ्या बहिणीकडे जाईन. बसनं. एकटी. आणि परत येणार नाही."

मामानं मान हलवली होती. मामी असं दर दोन वर्षांनी म्हणायची. पण ह्या वेळी तिनं पिशवी भरून ठेवली होती, आणि ती पिशवी मामानं तोललीसुद्धा. चार किलो सहाशे. म्हणजे खरंच जाणार होती.

तर गाळणी लिहून झाली. मामा वही काखेत मारून बाहेर आला. "चल, घे काट्यावर! रिकामी गाडी दोन हजार आठशे सत्तर, सामान सहाशे पंधरा. पंधरा किलो शिल्लक ठेवलेत मी. वाटेत काही घ्यावंसं वाटलं तर."

मामीनं गाडी घेतली. पहिला गिअर, दुसरा गिअर, पत्र्याच्या बरोबर मधोमध. मामा सवयीनं खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आत बसला होता नवा, पण मामाच्या जिभेला कोण सांगणार?

"ड्रायव्हर, खाली उतर!"

आणि मामीसुद्धा सवयीनं उतरली.

लाल आकडे पळाले, थांबले. तीन हजार चारशे नव्वद.

"हाणलं!" मामा म्हणाला. दहा-पाच किलोचा फरक काटा ठेवतोच, तो दहा-दहाच्या पायरीनं चढतो. चारशे बारा वस्तू एकेक करून तोलल्या आणि बेरीज काट्याला मिळाली. मागे रांगेतला सिमेंटवाला पण खाली उतरून टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या मागे कोंबड्यांचा ट्रक होता, तो कोंबडीवाला ओरडला, "टाळ्या नंतर! उन्हात माझ्या कोंबड्या वाळतायत. आल्या तेव्हाच्या वजनाच्या राहिल्या नाहीत त्या!"

"पावती काढतो, मामा," नवा म्हणाला.

"काढ, मी गाडी पुढे घेते," म्हणत मामी चढली.

नव्याचं बोट बटणापाशीच राहिलं. "मामा... आकडा हलला."

तीन हजार पाचशे पन्नास.

"वारा असेल," मामा म्हणाला.

मामी उतरली. चारशे नव्वद. चढली. पाचशे पन्नास. उतरली. चारशे नव्वद.

"साठ किलोचा वारा," सिमेंटवाला म्हणाला. "साडी नेसलेला."

"गप रे!" मामी म्हणाली, पण तिचं लक्ष आकड्यावर होतं.

नवा बिचारा नवा होता, त्याला कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. "आणि मामा, तुम्ही कुठे बसणार?"

मामा मुकाट्यानं मामीच्या शेजारी जाऊन बसला. भोंगा खरखरला. "तीन हजार सहाशे वीस. एकशेवीस जास्त होतायत."

मामीनं हात पुढे केला. "वही द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

तिनं वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नंबर चाळीस, उशी, निळी. नंबर एक्केचाळीस, उशी, निळी, कापूस कमी. नंबर दोनशे सहा, सुया, पुडा एक. नंबर तीनशे नऊ, हिची चप्पल, जोड, तीनशे ऐंशी ग्रॅम." ती थांबली. "अहो, माझी चप्पल धरलीत. चपलेत पाय असतो, तो कुठे आहे?"

मामानं घाम पुसला. "ड्रायव्हरचं वजन धरत नाहीत, अगं. नियम आहे."

"मी ड्रायव्हर आहे?"

"गाडी कोण चालवतंय?"

"आणि तुम्ही?"

"मी... मी काटेवाला. काटेवाला काट्यावर नसतो."

"म्हणजे ह्या घरात उशा जाणार, सुया जाणार, चपला जाणार, आणि माणूस एकही नाही!" मामीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तीस वर्षं संसार केला मी ह्यांच्याबरोबर आणि वहीत माझ्यापेक्षा गाळणीला किंमत!"

मामाला मग सुचला उपाय. "मी मागून चालत येतो," तो म्हणाला.

"किती लांब?"

"तू हळू चालव."

हे बोलताना तो हसत नव्हता. म्हणून सांगतो, मामावर हसणाऱ्यांचा मला राग येतो. खरंच चालत गेला असता तो.

नव्यानं खिडकीतून डोकं काढलं आणि आवाज बारीक केला. "मामा, एवढं काय त्यात? तुम्ही दोघं खाली उतरा, मी चारशे नव्वदची पावती काढतो, मग बसा गाडीत. कोण बघतंय?"

मामाचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या ताटात थुंकलं. "माझ्या काट्यावर?"

"तुमच्याच नियमानं, मामा. ड्रायव्हर खाली."

आपलेच दात, आपलेच ओठ. सुटका केली सिमेंटवाल्यानं. हा माणूस वीस वर्षं मामाच्या शिव्या खाऊन पत्र्यावरून उतरलेला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "सिमेंट विकायचं असतं तेव्हा ड्रायव्हर खाली, ते बरोबर," तो म्हणाला. "पण तुम्ही काही विकायला निघाला नाहीत. तुम्ही घाट उतरायला निघालात. टायरला काय माहीत, कोण सामान आणि कोण बायको? त्याला सगळं ओझंच. आणि ब्रेक लागला नाही तर दरीत दोन्ही जातात, सामान पण, बायको पण."

"पाण्याची टाकी रिकामी करा," कोंबडीवाला मागून ओरडला. "साठ लिटर, साठ किलो!"

"आणि पुढच्या नळावर भरायचीच ना?" मामा म्हणाला. "मग पावती कोरडी आणि गाडी ओली? असली पावती मी दुसऱ्याला दिली नाही, स्वतःला कशी देऊ?"

मग काय, सामान उतरवायचं ठरलं. मामी स्टेअरिंगवर बसून राहिली. "मी आता उतरणार नाही," ती म्हणाली, "मला मोजल्याशिवाय." मामा खाली आला, सिमेंटवाला मदतीला आला, कोंबडीवाल्यानं आपला क्लीनर धाडला आणि मग स्वतःच आला. रांगेतले अजून तिघं आले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मामानं आधी निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ काढलं. मग खलबत्ता, लोखंडी ट्रंक, तांदळाचं छोटं पोतं. सगळं पत्र्यावर मांडलं.

"तीन हजार सातशे ऐंशी," भोंगा म्हणाला.

"काय?" मामा थबकला. "अरे, मी काढतोय!"

त्यानं भराभर उशा काढल्या.

"तीन हजार आठशे सत्तर."

"उशी काढली की नव्वद किलो वाढतात?"

नव्याची बायको पण आता वळकटी सोडून पोरीला कडेवर घेऊन बघायला आली.

"चार हजार साठ," भोंगा म्हणाला, आणि भोंग्यालासुद्धा कापरं भरलं होतं. "मामा, माझी पहिलीच पाळी आहे हो. काटा बिघडला तर माझ्यावर येईल."

मामा आकड्यांकडे बघत राहिला. एकतीस वर्षं ज्या काट्यानं त्याला कधी फसवलं नाही, तो आज त्याच्या तोंडावर खोटं बोलत होता. हातात दोन चमचे होते, ते पण खाली ठेवायची त्याला आता भीती वाटत होती.

"दात कोरून पोट भरत नसतं, मामा," सिमेंटवाला म्हणाला. "चमचे सोडा."

मामी खिडकीतून डोकावली. "अहो, जरा मागे बघा. काट्यावर किती जण उभे आहेत?"

मामानं मोजलं. स्वतः धरून आठ. एक पोरगी. एक कोंबडी, ती कुठून आली ते क्लीनरलाही सांगता येईना. आणि उतरवलेलं सगळं सामान, पत्र्यावरच.

"माणसांना वजन असतं," मामी म्हणाली. एवढंच म्हणाली.

मामा असा उभा राहिला जसं त्याला कुणी शाळेत भर वर्गात उभं केलंय. आजवर पत्र्यावर पाय ठेवणाऱ्याला भोंग्यातून हाकलणारा माणूस! मग तो ओरडला, "सगळे खाली! कोंबडी पण!" सगळे उतरले, सामान पत्र्याबाहेर नेलं, मामा आत जाऊन मामीशेजारी बसला.

"तीन हजार पाचशे ऐंशी," भोंगा म्हणाला, जरा सावरून.

अजून ऐंशी जास्त. वाजले होते एक.

सिमेंटवाला गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. "मामा, इकडे या. नको, येऊ नका, तिथूनच ऐका. मागचं डावं चाक बघा कसं पसरलंय, लग्नात जेवून बसलेल्या व्याह्यासारखं. जड वस्तू खाली आणि चाकांच्या मधे, हलकी वर, आणि शेपटीला काही नाही, हे तर आमचा क्लीनर पण सांगेल. तुम्ही शेपटीला काय बांधलंय? मामी, स्टेअरिंग कसं लागतं?"

"लागतच नाही," मामी म्हणाली. "हवेत फिरवल्यासारखं वाटतं. मला वाटलं, छोट्या गाडीचं असंच असेल."

"पुढची चाकं उचलली गेलीत थोडी. मागे काहीतरी हत्तीएवढं आहे."

सगळ्यांनी मागच्या दारातून आत बघितलं. खुर्ची ऐटीत बसली होती, वर तो डॉक्टरचा दिवा पण होता.

"ती सामानात नाही," मामा लगेच म्हणाला. "ती गाडीत धरलीय. बोल्ट आहेत तिला."

"दीडशे किलो, मामा."

"गाडीचा भाग आहे तो!"

"आणि मामी कशाचा भाग आहेत?" कोंबडीवाल्यानं विचारलं. तो आता घाईत पण नव्हता, एवढा रंगला होता.

मामा उठला, मागे गेला, आणि खुर्चीत बसला. हाताची घडी घातली. "काढा बघू मला."

आता ट्रकवाल्यांना असं बोलायचं नसतं. ते लोक रस्त्यात बिघडलेलं इंजिन चहा पिता पिता उतरवतात. सिमेंटवाल्यानं पाना आणला, कोंबडीवाल्यानं तेल आणलं. बोल्ट गंजलेले होते, एकेक बोल्ट सुटताना असा किंचाळला की रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं थांबून विचारलं, "दात काढून मिळतात का इथे?" दाढेचा फोटो बघितला होता त्यानं. शेवटी खुर्ची सुटली आणि सहा जणांनी ती उचलली, मामासकट. मामा उतरेना. पालखीत बसल्यासारखा मागच्या दारातून बाहेर आला, मान ताठ, आणि त्याला नेऊन काटाघराच्या भिंतीपाशी ठेवलं. माणसं पत्र्यावरून बाजूला झाली.

भोंगा ओरडला, "तीन हजार तीनशे साठ! जमलं! जमलं, मामा! पावती काढू?"

सगळ्यांना हिशेब एकदमच लक्षात आला. गाडीत मामी होती. सामान होतं. मामा भिंतीपाशी होता, खुर्चीत.

मामीनं आरशातून मागे बघितलं. बराच वेळ बघितलं म्हणतात. मग पुढे बघून म्हणाली, "काढ. माणूस एक लिही."

"मामी..." नवा म्हणाला.

"काढ म्हणते ना. त्यांना तिथे बरं वाटतंय."

आणि तिनं गाडी सुरू केली. पहिला गिअर. गाडी दोन हात पुढे सरकली.

मामा धडपडला. खुर्चीतून उठायला त्यानं दांडी ओढली, पण घाईत उलटी ओढली. खुर्ची मागे गेली. डोकं खाली, पाय वर, मामा आकाशाकडे बघत राहिला. पुन्हा दांडी ओढली, पाय अजून वर गेले. गाडी अजून दोन हात सरकली. मामानं उलट्या डोळ्यांनी तिचं मागचं दार बघितलं, आणि जिभेवर जे एकतीस वर्षं बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"ड्रायव्हर!"

गाडी थांबली. पुढचे दोन शब्द सगळ्यांना पाठ होते. मामाचं तोंड उघडंच होतं, आणि ते दोन शब्द काही केल्या बाहेर येत नव्हते.

"ड्रायव्हर," तो शेवटी म्हणाला, "खाली उतरू नकोस!"

मामीनं खिडकीतून डोकं काढलं. "मग तुम्ही या की वर!"

सिमेंटवाल्यानं खुर्चीला लाथ मारली तेव्हा कुठे ती सरळ झाली. मामा चालत गेला. पत्र्याच्या कडेला थांबला, चप्पल झटकली, कारण चपलेला माती होती, आणि मातीला पण वजन असतं. मग चढून मामीच्या शेजारी बसला.

"तीन हजार चारशे तीस," भोंगा म्हणाला. "दोघं धरून."

उतरवलेलं सामान परत चढवलं. ह्या वेळी ट्रंक आणि पोतं खाली, चाकांच्या मधे, जिथे सिमेंटवाल्यानं बोट दाखवलं तिथे. उशा वर. घड्याळ उशांमधे. तीन हजार चारशे सत्तर. स्टेअरिंग आता हाताला लागतं, असं मामी म्हणाली.

मामानं वही उघडली. चारशे तेरा, मी, सत्तर किलो. चारशे चौदा. "तू साठ," तो म्हणाला.

"अठ्ठावन," मामी म्हणाली.

"काटा साठ म्हणतो."

"काटा दहा-दहानं बोलतो. मी अठ्ठावन आहे."

तोंडी सांगितलेलं वजन मामानं आजवर कुणाचं मानलं नव्हतं, स्वतःच्या आईचंही नाही. त्यानं पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहिलं: ही, अठ्ठावन.

नव्यानं पावती काढली. नवी काटेवालीण वळकटी उचलून आत गेली. मामीनं गाडी फाटकातून बाहेर काढली, रस्त्याला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. असा कर्कश आवाज झाला की कोंबड्यांचा अख्खा ट्रक एकदम ओरडला. मग गिअर बसला आणि गाडी गेली.

आमच्या घरात ही गोष्ट वर्षभर चालली. माझी आई तर येईल त्याला सांगायची की भावानं काट्यावर खरं वजन दिलं, बायकोचं वजन धरलं, म्हणून परवाना मिळाला. नाहीतर कचेरीवाल्यांनी गाडी तिथेच अडवली असती. मी पण चार जणांशी ह्यावरून भांडलोय.

पुढच्या वर्षी ते दोघं आले होते, तेव्हा भांडी घासता घासता मामीनं मला खरं सांगितलं. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना ते पोचले. कारकुनानं फॉर्म घेतला. वजन बघितलंच नाही. एकच प्रश्न विचारला, "राहणारी माणसं किती?" मामा म्हणाला, "दोन." कारकुनानं मामाची ती पावती उलटी केली, पेन चालतंय का ते बघायला तिच्या पाठीवर दोन-चार रेघोट्या मारल्या, आणि फॉर्मवर दोन लिहिलं.